आउटपी, आउटपोर्टबी, आउटबी : जुन्या सी कोडमधली पोर्ट फंक्शनं एका साच्यात कशी आणावीत

रिलेचं कार्ड, टेस्टिंग मशीन किंवा वजनकाटा चालवणारा नव्वदच्या दशकातला सी प्रोग्रॅम तुमच्या गळ्यात पडला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. टर्बो सी आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत विंडोज आल्यानंतरही बरीच वर्षं चालू होतं, त्यामुळे असा कोड अजून भेटतो. फाइल उघडली की वर आउटपोर्टबी, चार ओळींखाली आउटपी आणि मध्येच कुणी लिनक्सवर न्यायची खटपट केलेली असेल तर आउटबी, असा सगळा मामला दिसतो. तिघांचं काम, म्हणजे पोर्टवर (प्रोसेसर ज्या क्रमांकाच्या दारातून कार्डाशी बोलतो त्यावर) किंमत पाठवणं, एकच वाटतं आणि हात शिवशिवतात: शोधा, बदला, मोकळे व्हा.

तसं करू नका. नाव बदलणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. घात होतो तो तीन ठिकाणी: आर्ग्युमेंटांचा क्रम, एका वेळी किती बिट जातात, आणि दोन लिखाणांमध्ये किती वेळ जातो. या तिन्हींबद्दल कंपायलर बहुतेक वेळा चकार शब्द काढत नाही.

फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. पोर्टचे पत्ते आणि त्यांवर पाठवायच्या किमती हेक्समध्ये (सोळाच्या पायात) समजा, बाकीचे आकडे नेहमीचे.

१. हात लावण्याआधी काय जमवायचं

- मूळ कोड आणि तो ज्यावर बनला तोच कंपायलर, शक्यतो तीच आवृत्ती. मेकफाइल किंवा प्रोजेक्ट फाइलसकट.
- सध्या मशीनवर चालू असलेली एक्झी फाइल. कोडच्या फोल्डरमधली नव्हे, मशीनवरची. या दोन वेगळ्या निघणं अगदी नेहमीचं आहे.
- कार्डाचं डेटाशीट आणि जंपर कसे लावलेत त्याचा फोटो.
- गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन). कोड झिपमध्ये मिळाला असेल तर आधी जसाच्या तसा कमिट करा, टॅब-स्पेसलाही हात लावू नका.
- डॉसबॉक्स किंवा क्यूएमू (जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करणारे प्रोग्रॅम), आणि जमलं तर ओपन वॉटकॉम (कंपायलर). हे फुकट मिळतं, विंडोज-लिनक्सवर चालतं आणि डॉससाठी कोड बनवून देतं.
- पॅरलल पोर्टला लावायला रेझिस्टरसह आठ एलईडी. हे वाटतं त्याहून जास्त कामाला येतं.

पहिलं काम म्हणजे काहीही न बदलता जुना कोड बिल्ड करणं. तो बिल्ड होत नसेल तर पुढची कुठलीही पायरी सुरू करू नका, कारण नंतर काही बिघडलं तर ते तुमच्यामुळे की आधीपासूनच, हे सांगता येणार नाही.

२. कोणता कंपायलर कोणती बोली बोलतो

इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरला मेमरीपासून वेगळी अशी ६५,५३६ पोर्टची जागा आहे आणि तिथे जायला इन आणि आउट या सूचना आहेत. सी भाषेच्या मानकात मात्र यासाठी काहीच नाही. मग प्रत्येक कंपायलरवाल्याने आपापली फंक्शनं दिली, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

बोर्लंडच्या टर्बो सीमध्ये डॉस.एच या हेडरमध्ये इनपोर्टबी आणि आउटपोर्टबी ही ८ बिटांची, तर इनपोर्ट आणि आउटपोर्ट ही १६ बिटांची. शेवटच्या दोन नावांत १६ बिटांचा कुठलाही इशारा नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा.

मायक्रोसॉफ्ट आणि वॉटकॉम यांच्याकडे कोनिओ.एचमध्ये इनपी आणि आउटपी ८ बिटांची, इनपीडब्ल्यू आणि आउटपीडब्ल्यू १६ बिटांची. वॉटकॉमच्या ३२ बिटी कंपायलरात इनपीडी आणि आउटपीडीही आहेत. बोर्लंडनेही पुढे ही नावं आपल्या कोनिओ.एचमध्ये घेतली, म्हणून एकाच फाइलमध्ये दोन्ही बोल्या सुखाने नांदताना दिसतात. मायक्रोसॉफ्टने इनपी-आउटपी व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून काढून टाकली.

डीजेजीपीपी या डॉसवरच्या ३२ बिटी कंपायलरने नावं बोर्लंडसारखीच ठेवली, पण १६ बिटांना आउटपोर्टडब्ल्यू आणि ३२ बिटांना आउटपोर्टएल असं स्पष्ट केलं.

या सगळ्यांत आधी पोर्ट, मग किंमत. लिनक्सवर सिस/आयओ.एचमधलं आउटबी नेमकं उलटं आहे: आधी किंमत, मग पोर्ट. आणि फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये आउटबी याच नावाचं फंक्शन आधी पोर्ट घेतं. म्हणजे नुसतं नाव वाचून क्रम ठरवता येत नाही. ती ओळ कुठल्या हेडरच्या भरवशावर लिहिली होती, ते पाहावंच लागतं.

३. यादी करा

ग्रेप (फायलींमध्ये शब्द शोधणारं साधन) लावा, पण फक्त वरच्या नावांवर थांबू नका. इनलाइन असेंब्लीतल्या इन-आउट ओळी वेगळ्या शोधा. प्रोजेक्टात पास्कलचा तुकडा असेल तर तिथे पोर्ट हा ॲरेसारखा लिहिलेला असतो, बेसिकमध्ये आउट आणि आयएनपी. सर्वांत लबाड म्हणजे मॅक्रो. कुणीतरी कधीतरी एसईटी_पोर्ट(किंमत, पत्ता) असा मॅक्रो लिहून त्याच्या आत क्रम उलटवलेला असतो, आणि शेजारच्या फाइलमध्ये त्याच नावाचा न उलटवलेला मॅक्रो असतो. मॅक्रो उलगडल्यानंतरचा कोड बघायला जीसीसी या मोफत सी कंपायलरमध्ये मोठा ई हा पर्याय आहे, टर्बो सीसोबत सीपीपी नावाचा वेगळा प्रोग्रॅम येतो.

यादीत प्रत्येक ओळीसाठी एवढं नोंदवा: फाइल, ओळ क्रमांक, वापरलेलं नाव, पोर्ट, किती बिट, वाचन की लिखाण, आणि त्यापुढे लगेच काही थांबा आहे का. साधी स्प्रेडशीट पुरते. ‘बेस अधिक २’ असे पत्ते मूळ पत्त्यासकट लिहा. ही यादी कंटाळवाणी आहे, पण अर्धे प्रश्न ती करतानाच सुटतात.

४. आर्ग्युमेंटांचा क्रम पक्का करा

पत्ता ३७८, ३एफ८ असा मोठा असेल तर ओळखणं सोपं, कारण एवढी किंमत एका बाइटमध्ये मावतच नाही. अडचण होते ती १०० हेक्सच्या खालच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टांची: टायमरचे ४० ते ४३, स्पीकरचा ६१, सीमॉसचे ७० आणि ७१. आउटबी(४३, ३६) यात टायमरचा कंट्रोल पोर्ट ४३ आणि आज्ञा ३६, हे टायमर माहीत असलेल्यालाच कळतं. क्रम चुकला तर ३६ नंबरच्या पोर्टवर ४३ जातं, कुणी तक्रार करत नाही, फक्त टायमर जुन्याच वेगाने चालत राहतो. आणि इंटरप्ट कंट्रोलरला (हार्डवेअरच्या ‘इकडे लक्ष द्या’ अशा हाका, म्हणजे इंटरप्ट, प्रोसेसरला पोचवणाऱ्या चिपला) ‘काम झालं’ कळवणारी ओळ तर आउटबी(२०, २०) अशीच असते, पोर्टही २० आणि आज्ञाही २०. क्रम ओळखण्यासाठी या ओळीचा पुरावा कधीही धरू नका.

मोठ्या पत्त्यांच्या बाबतीतही कंपायलरवर विसंबू नका. ३७८ हा आकडा थेट लिहिलेला असेल तर जीसीसी ओव्हरफ्लोचा इशारा देतो, पण पत्ता व्हेरिएबलमध्ये असेल तर तो गुपचूप कापला जातो. पॅरलल पोर्टवर ०५ पाठवायचं असताना क्रम उलटला तर ७८ ही किंमत पोर्ट ५ वर जाते. हा पोर्ट डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणाऱ्या) कंट्रोलरच्या चॅनल २ चा मोजणी रजिस्टर, म्हणजे फ्लॉपीचा. रिले का लागत नाही म्हणून तुम्ही वायरी तपासत बसाल आणि बिघाड फ्लॉपी वाचताना दिसेल.

५. बिटांची रुंदी: इथे घाई नको

माझ्या मते या कामातला सर्वांत वाईट सापळा बोर्लंडचं आउटपोर्ट हाच. नवखा माणूस त्याला आउटपोर्टबीचंच जुनं रूप समजतो आणि ८ बिटांचं करून टाकतो. १६ बिटांचं लिखाण करताना खालचा बाइट दिलेल्या पोर्टवर आणि वरचा बाइट त्याच्या पुढच्या पोर्टवर जातो, आणि जुन्या लोकांनी याचा मुद्दाम फायदा घेतलेला असतो. व्हीजीएच्या (जुन्या पीसीच्या डिस्प्ले कार्डाच्या) कोडमध्ये आउटपोर्ट(३सी४, ०एफ०२) ही ओळ सर्रास सापडते. ३सी४ वर ०२ जातं, म्हणजे मॅप मास्क रजिस्टर निवडला, आणि ३सी५ वर ०एफ, म्हणजे चारही प्लेन (चित्राच्या मेमरीचे थर) चालू. एका ओळीत दोन कामं. इथे ८ बिटांचं फंक्शन घातलं तर रजिस्टर निवडला जातो, पण त्यात काही लिहिलंच जात नाही.

सीरियल पोर्टवर हीच चूक लपून राहते. ३एफबी या लाइन कंट्रोल रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट चालू केला की ३एफ८ आणि ३एफ९ यांचा अर्थ बदलतो. तिथे वेगाचा भाजक लिहायचा असतो. १,१५,२०० ला १२ ने भागलं की ९६०० मिळतात, म्हणून जुना कोड आउटपोर्ट(३एफ८, ०००सी) असं लिहितो. तुम्ही ते ८ बिटांचं केलंत तर ३एफ९ मध्ये आधीचं जे असेल तेच राहतं. तुमच्या टेबलावरच्या पीसीत तिथे शून्य असेल तर सगळं छान चालेल. गिऱ्हाइकाच्या मशीनवर शून्य नसेल.

उलट दिशेनेही सांभाळा. १६ बिटांच्या एका लिखाणाचे ८ बिटांचे दोन भाग करायची वेळ आली, तर मध्ये इंटरप्ट येऊ शकतो. त्या इंटरप्टचा कोड तोच इंडेक्स पोर्ट वापरत असेल तर तुमचा दुसरा बाइट भलत्याच रजिस्टरमध्ये जाईल. तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवा.

वाचनात चिन्हाची भानगड आहे. बोर्लंडचं इनपोर्ट इंट परत देतं, आणि तिथे इंट १६ बिटांचा. एफएफएफएफ वाचलं तर ते उणे १, पण १६ बिटांत एफएफएफएफशी केलेली तुलना जुळते. हाच कोड ३२ बिटांवर नेताना कुणी चिन्हासकट १६ बिटांचा प्रकार ठेवला तर तुलना कधीच खरी होणार नाही. चिन्हाशिवायचे प्रकार वापरा, सगळीकडे.

६. एकच दार बनवा

आता हेडर लिहा. मी चारच नावं ठेवतो: आयओ_रीड८, आयओ_राइट८, आयओ_रीड१६, आयओ_राइट१६. रुंदी नावातच, पोर्ट नेहमी आधी. लिनक्सचा उलटा क्रम या हेडरच्या आत, एकाच ठिकाणी उलटवला जातो. बाहेरच्या कुणाला त्याची खबरही नको. ३२ बिटांची जोडी यादीत गरज दिसली तरच घाला.

जीसीसीच्या बिल्डसाठी पोर्टचा वेगळा प्रकार करा: एकच १६ बिटी सदस्य असलेलं स्ट्रक्चर. मग किंमतीच्या जागी पोर्ट किंवा पोर्टच्या जागी किंमत दिली की कंपाइल होणारच नाही. टर्बो सीमध्ये हे करत बसू नका. तिथे तोच प्रकार साधा अनसाइन्ड इंट ठेवा आणि चारही नावं मॅक्रो करा. त्याचा फायदा आठव्या पायरीत दिसेल. टर्बो सीला एसटीडीइंट.एच माहीत नाही, त्यामुळे ८ आणि १६ बिटांचे प्रकार स्वतः टाइपडेफ करावे लागतील.

जीसीसीसाठी स्वतः असेंब्ली लिहिणार असाल तर व्होलाटाइल शब्द विसरू नका. तो नसला की ज्या वाचनाचं उत्तर वापरलेलं नाही, ते वाचन कंपायलर काढून टाकू शकतो. जुन्या कोडमध्ये अशी वाचनं बरीच असतात आणि ती फुकटची नसतात.

‘बिट चालू कर’ असं सोयीचं फंक्शन बनवायचा मोह मात्र आवरा. वाचा, बिट बदला, परत लिहा, हे मेमरीत ठीक आहे. सीरियल पोर्टच्या ३एफए वर वाचलं तर इंटरप्टची ओळख मिळते आणि लिहिलं तर फिफोचं (अक्षरं रांगेत ठेवणाऱ्या बफरचं) नियंत्रण होतं. पत्ता एक, रजिस्टर दोन. टायमरच्या मूळ ८२५३ चिपचा ४३ तर वाचताच येत नाही. ज्या कार्डांवर आउटपुट पोर्ट परत वाचता येत नाही, तिथे शेवटची लिहिलेली किंमत जुना कोड एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवतो. ते व्हेरिएबल ‘अनावश्यक’ म्हणून उडवू नका.

७. थांबे मोजून ठेवा

दोन लिखाणांमध्ये पोर्ट ८० वर काहीतरी निरर्थक लिहिलेलं दिसेल. ते निरर्थक नाही. आयएसए बसवरच्या (जुन्या कार्डांच्या जोडणीवरच्या) अशा एका फेरीला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो, आणि हळू चिपला तेवढी उसंत हवी असते. लिनक्समध्येही याच युक्तीचं आउटबी_पी आहे. कधी हेच काम एकच स्टेटस दोनदा वाचून केलेलं असतं, तर कधी नुसता रिकामा फॉर लूप असतो. रिकामा लूप जीसीसीने ऑप्टिमायझेशन लावून सरळ काढून टाकला जातो, आणि टर्बो सीमध्ये राहिला तरी ४८६ वर ठरवलेला आकडा आजच्या मशीनवर पुरत नाही.

या सगळ्यांना एक नाव द्या, आयओ_थांबा म्हणा हवं तर, आणि आत मूळचीच पद्धत ठेवा. पद्धत सुधारायची ती नंतर, डेटाशीट पाहून. एकच स्टेटस दोनदा वाचलेलं दिसलं तर ते थांबण्यासाठी की चिपची अट म्हणून, हे डेटाशीटवरून ठरवा. सीरियल पोर्टचा ३एफडी वाचला की त्यातले चुकांचे बिट पुसले जातात.

८. बदल करा आणि लगेच ताडून पाहा

एका कमिटमध्ये एकच बोली. आधी आउटपोर्टबीची सगळी ठिकाणं, मग इनपोर्टबीची, मग बाकीची. ठिकाणं थोडी असतील तर हाताने करा. शेकड्यांनी असतील तर कॉक्सिनेल वापरा. लिनक्स कर्नलमधले असे बदल याच साधनाने होतात. ते सी भाषा समजून बदल करतं, त्यामुळे कंसात कंस असला तरी आर्ग्युमेंटांची अदलाबदल नीट होते. साध्या शोधा-बदलाने ती होत नाही, स्वल्पविराम आला की गडबडते. कॉक्सिनेल डॉसच्या ‘फार’, ‘इंटरप्ट’ अशा खास शब्दांवर अडखळू शकतं. त्यांना रिकाम्या मॅक्रोने आधी गप्प करा.

वाटेत जुने दोष सापडतील. चिन्हासकटच्या कॅरमध्ये बाइट वाचून त्याची एफएफशी तुलना, हा हमखास सापडणारा. तो या फेरीत दुरुस्त करायचा नाही. यादीत लाल रंग द्या आणि पुढे चला.

आता ताडणी. टर्बो सीमध्ये तुमचे मॅक्रो उलगडून जुनंच फंक्शन येतं, म्हणून बनणारा मशीन कोडही अगदी तोच यायला हवा. कमांड लाइनच्या कंपायलरला मोठा एस देऊन बदलाआधीची आणि बदलानंतरची असेंब्ली काढा आणि डिफ (दोन फायलींतला फरक दाखवणारं साधन) लावा. वॉटकॉमसाठी डब्ल्यूडिस हा मशीन कोड परत असेंब्लीत दाखवणारा प्रोग्रॅम आहे. फाइलची तारीख आणि डीबगची माहिती सोडून काहीही फरक दिसला तर तिथेच थांबा. मशीनजवळ न जाता मिळणारी एवढी भक्कम खात्री दुसरी नाही, आणि तरीही ही पायरी सगळे गाळतात.

नव्या कंपायलरवर असं जुळणार नाही. तिथे हेडरच्या मागे एक खोटं हार्डवेअर लावा: प्रत्येक लिखाण पोर्ट, रुंदी आणि किंमत यांसह मेमरीत नोंदवायचं, आणि वाचनाला आधी टिपून ठेवलेली उत्तरं द्यायची. जुन्या बिल्डची नोंद आणि नव्याची नोंद ओळीला ओळ जुळली पाहिजे. नोंद घेताना पोर्ट पुन्हा वाचू नका. ३एफ८ वाचला की आलेलं अक्षर रांगेतून जातं, ते मग खऱ्या कोडला मिळत नाही.

९. खऱ्या मशीनवर

डॉसवर परवानगीचा प्रश्न नाही. लिनक्सवर आयओपर्म या सिस्टिम कॉलने परवानगी घ्यावी लागते आणि त्यासाठी रूट हक्क हवेत. आयओपीएल(३) मारून सगळे पोर्ट एकदम उघडू नका. हवे तेवढेच, म्हणजे ३७८ पासून तीन, असे मागा. क्रम उलटलेली एखादी ओळ निसटली असेल तर ती भलत्या पोर्टवर जाताक्षणी प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टने पडेल, आणि तेच आपल्याला हवंय. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर कर्नलचं लॉकडाउन लागू असेल तर आयओपर्म रूटलाही नाकारलं जातं. एनटी घराण्यातल्या विंडोजवर साधा प्रोग्रॅम पोर्टला हात लावूच शकत नाही, ‘प्रिव्हिलेज्ड इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडतो. तिथे कर्नल ड्रायव्हर लागतो.

पॅरलल पोर्टसाठी दोन इशारे. नवं पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेस कार्ड घेतलं तर पत्ता ३७८ असेलच असं नाही. लिनक्सवर प्रॉक फोल्डरमधल्या आयओपोर्ट्स फाइलमध्ये पाहा आणि तो कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा. यूएसबीची पॅरलल केबल मात्र घेऊच नका. ती प्रिंटरसाठी असते, तिला पोर्टचा पत्ताच नसतो, त्यामुळे तुमचा कोड कितीही बरोबर असला तरी ती हलणार नाही.

एलईडी लावून तपासताना काही बिट उलटे दिसतील. कंट्रोल पोर्ट ३७ए चे बिट ०, १ आणि ३, आणि स्टेटस पोर्ट ३७९ चा बिट ७ हे हार्डवेअरमध्येच उलटवलेले आहेत. जुन्या कोडमध्ये ०बी किंवा ८० बरोबर एक्सऑर केलेलं असतं ते यासाठी. त्याला नावाचा कॉन्स्टंट द्या, पण जागेवर राहू द्या.

सीरियल पोर्ट लिनक्सवर नेत असाल तर पोर्टची फंक्शनं घेऊन जाऊच नका. तिथे टर्मिओस हा सीरियल पोर्टसाठीचा तयार इंटरफेस आहे, तो वापरा.

१०. जुनी नावं परत येऊ देऊ नका

सगळं बदलून झालं की जीसीसीच्या बिल्डमध्ये हेडरच्या शेवटी प्राग्मा जीसीसी पॉइझन लिहून जुनी सगळी नावं त्यात टाका. सिस्टिमची हेडरं त्याच्या आधी इन्क्लूड झालेली असली पाहिजेत, नाहीतर तीच अडतील. यानंतर कुणी आउटपोर्टबी लिहिलं की बिल्ड तिथल्या तिथे मोडतो. टर्बो सीमध्ये ही सोय नाही. तिथे बॅच फाइलमध्ये बिल्डच्या आधी ग्रेप लावा आणि हेडरबाहेर जुनं नाव सापडलं तर बिल्ड थांबवा. बोर्लंडने टर्बो सीबरोबर ग्रेप दिलेलाच आहे, वेगळा शोधायला नको. लाल रंगाची यादी उघडायची ती यानंतर, आणि दर दोषाला वेगळा कमिट.